तीनशे मिली

अक्कलकोट रोडला, मौलालीच्या गॅरेजपुढं
मल्लिनाथनं स्टुलावर यंत्र मांडलं :
एक लोखंडी चाक, त्यावर दाबलेला दांडा,
दांड्याला लटकवायला भाजीवाल्यासारखी वजनं.
साधं ऑइल लावलं. दुसऱ्या वजनालाच
चाक किंचाळून थांबलं.
मग बाटलीतले चार थेंब.
सहा वजनं चढली तरी फिरतंय, फिरतंय.
"बघा आक्का, तुमचं इंजिन आत असंच रडत असतंय."

मी ओम्नी चालवते, शाळेची.
एक लाख ब्याऐंशी हजार किलोमीटर,
सगळे दाजी पेठ ते शाळा आणि शाळा ते दाजी पेठ.
सरळ गेले असते तर
एव्हाना समुद्र चार-पाचदा ओलांडला असता.

आई मागाला तेल द्यायची ते चोचीच्या कुपीतून,
मोजून.
थेंब जास्त झाला की टॉवेलवर डाग,
डाग पडला की हजेरीतून पैसे.
हे सगळं आठवत असूनही
मी साडेसहाशे रुपये काढून दिले.
कारण गाडी सकाळी सुरू होताना टकटक करायची
आणि नवी घेणं जमणारं नव्हतं,
आणि मार्चअखेरच्या उन्हात
तीनशे मिलीची ती बाटली मधासारखी दिसत होती.

मौलाली काही बोलला नाही.
सीट उचलली, झाकण काढलं
आणि बाटली उलटी धरून उभा राहिला
शेवटचा थेंब पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून गाडी शांत.
खरंच शांत.
अशोक चौकात ब्रेक लावला तर
मला माझ्याच बांगड्या ऐकू आल्या.
शाळेच्या फाटकाशी मी सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं.
दिरानं दोन बाटल्या घेतल्या, उधारीवर.

पंधरा दिवसांनी, एका दुपारी,
मागच्या सीटवर बिराजदारांचा धाकटा किंचाळला,
कुणाची तरी चप्पल खिडकीतून गेली,
चौघी एकदम भांडायला लागल्या,
आणि इंजिन होतं तसंच घरघरत होतं.
त्या दिवशी परीक्षा संपली होती.
पंधरा दिवस पोरं
मांडीवर पुस्तक उघडून ओठ हलवत बसलेली,
आणि मी मान डोलवत होते बाटलीला.

वही काढली. आधी साडेतेराचं ॲव्हरेज,
नंतरही साडेतेराच.
एकदा चौदा लागलेलं,
पण त्या आठवड्यात सात रस्त्याचा सिग्नल बंद होता.

"इंजिनात असलं उघडं चाक कुठं असतं रे?"
मौलालीला विचारलं.
"कुठंच नाही. आणि ऑइलला जे लागतं
ते बनवणाऱ्यानं आधीच घातलेलं असतं, आक्का.
तुम्ही फक्त वेळेवर बदला."
"मग त्या दिवशी तोंड का नाही उघडलंस?"
"तुम्ही कुठं विचारलं?
आणि पोरगं सकाळपासून उन्हात उभं होतं."

जूनमध्ये मल्लिनाथ पुन्हा आला, तेच यंत्र घेऊन.
मी भांडायच्या तयारीनं उतरले.
त्याची मोटारसायकल निळा धूर सोडत होती.
"ह्यात का नाही ओतत तुझं औषध?"
त्यानं पिशवी खाली ठेवली, घाम पुसला.
"परवडत नाही की ओ."
भांडण तिथंच राहिलं.

साडेसहाशेचा हिशोब वहीत कुठं बसवावा कळेना.
शेवटी लिहिलं : शांतता, पंधरा दिवस.

आता रोज सकाळी सीट उचलते,
पट्टी काढते, आईच्या कारखान्यातल्या
डागी टॉवेलच्या तुकड्याला पुसते, पुन्हा बुडवून बघते.
दोन खुणांच्या मध्ये आहे.
चावी फिरवते.
टकटक होते. मी मोजते.
एक, दोन, तीन, चार.
चारला थांबते.
पाच झाले की मौलालीकडं जायचं,
असं आमचं ठरलंय.